श्रेयनामावलीतलं चुकीचं नाव : ब्लिंक-१८२ आणि बँडमधली येणारी-जाणारी माणसं

१९९९ मध्ये आलेल्या 'अमेरिकन पाय' या हॉलिवूडच्या सिनेमात ब्लिंक-१८२ हा कॅलिफोर्नियाचा बँड काही क्षण दिसतो. तीन पोरं, हातात वाद्यं, पडद्यावर जेमतेम हजेरी. पण सिनेमा संपल्यावर जी नावं सरकतात त्यात एक घोळ आहे. पडद्यावर दिसतो तो ड्रमर ट्रॅव्हिस बार्कर. नाव मात्र छापलंय स्कॉट रेनरचं. रेनर आदल्याच वर्षी बँडमधून बाहेर पडला होता. म्हणजे जो नाही त्याचं नाव आहे, आणि जो आहे त्याचं नाही.

ही साधी कारकुनी चूक आहे. तरी मला या बँडचा अभ्यास तिथूनच सुरू करावासा वाटतो. आपण साहित्याच्या वर्गात 'लेखक कोण' हा प्रश्न सारखा विचारतो. कादंबरीला एक लेखक असतो, त्यामुळे तिथे फार अडत नाही. पण तीन माणसांनी मिळून केलेल्या गाण्याचा लेखक कोण? त्यातला एक गेला आणि दुसरा आला, तर नाव तेच ठेवून ती 'तीच' कलाकृती राहते का? ब्लिंकच्या बाबतीत हा प्रश्न तीनदा आला, आणि श्रोत्यांनी तीनही वेळा वेगळं उत्तर दिलं. ते का, हे इथे बघायचंय.

आधी थोडं पॉप-पंकविषयी, कारण आपल्यातल्या बऱ्याच जणांना हा शब्द फक्त प्लेलिस्टच्या नावात भेटलेला असतो. पंक म्हणजे सत्तरीच्या दशकातलं बंडखोर रॉक संगीत. वेग जास्त, गाणं छोटं, सोलो गिटारचे लांबलचक फुलोरे नाहीत, आणि वाजवायला कुणी उस्ताद असायची गरज नाही. न्यूयॉर्कच्या रामोन्स या बँडचा पहिला अल्बम १९७६चा. त्यांच्या गाण्यांत वेग होता, पण चालही होती, गुणगुणता येईल अशी. वेग पंकचा आणि चाल पॉपची, हाच पुढे पॉप-पंकचा पाया झाला. कॅलिफोर्नियात डिसेंडेंट्ससारख्या बँडनी त्यात पोरवयातले प्रेमभंग, घरातली भांडणं, कंटाळा असे विषय आणले. १९९४ मध्ये ग्रीन डेचा 'डूकी' प्रचंड खपला आणि गॅरेजमध्ये वाजवणाऱ्या पोरांकडे मोठ्या कंपन्या वळून बघायला लागल्या.

ब्लिंकची सुरुवात त्याच्या दोन वर्षं आधीची, १९९२ची. सॅन डिएगोजवळ पोवे नावाचं उपनगर आहे. टॉम डिलाँग हा तिथला सोळा वर्षांचा मुलगा, गिटार वाजवणारा. मार्क हॉपस वीस वर्षांचा, बास गिटारवाला. मार्कच्या बहिणीनं दोघांची ओळख करून दिली. पहिल्याच भेटीत टॉमवर छाप पाडायला मार्क रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबावर चढला आणि उतरताना पाय दुखावून घेतले. पुढचे काही आठवडे तो कुबड्यांवर होता. (या बँडचा एकूण स्वभाव या एका प्रसंगात कळतो.) तिसरा स्कॉट रेनर, ड्रमर, वय अवघं चौदा. नाव आधी नुसतं 'ब्लिंक' होतं. आयर्लंडमध्ये त्याच नावाचा एक बँड निघाला, त्यांनी हरकत घेतली म्हणून मागे १८२ हा आकडा लागला. त्या आकड्याचा अर्थ काय, याची हे लोक दरवेळी वेगळी थाप मारत आलेत.

'चेशायर कॅट' हा पहिला अल्बम १९९५चा आणि 'ड्यूड रँच' १९९७चा. दुसऱ्यातलं 'डॅमिट' रेडिओवर गाजलं. 'डॅमिट' ऐकताना एक गोष्ट लक्षात ठेवा. सुरुवातीला गिटारवर जी छोटी धून येते ती चार साध्या स्वरसंघांवर उभी आहे, जे स्वरसंघ शेकडो पॉप गाण्यांत सापडतात. म्हणजे नवं काही नाही. तरीही गाणं ऐकताक्षणी ओळखू येतं, कारण ती धून, रेनरचा सरळ धावता ठेका आणि मार्कचा थोडा बसका आवाज एकमेकांत घट्ट बसलेत. रेनरच्या वाजवण्यात करामत नाही. पण गाण्याला पळवत नेण्याचं काम तो चोख करतो.

१९९८च्या दौऱ्यात रेनरवरून कुरबुरी वाढल्या. त्यात दारूचा विषय होता, दौऱ्यांच्या थकव्याचा होता. शेवटी त्याला काढण्यात आलं. त्या वेळी तो जेमतेम वीस वर्षांचा होता, आणि त्यातली सहा वर्षं त्यानं या बँडला दिली होती. त्याच दौऱ्यात ॲक्वाबॅट्स नावाचा बँड सोबत होता, जो सुपरहिरोंचे पोशाख घालून वाजवायचा. त्यांचा ड्रमर 'बॅरन फॉन टिटो' या टोपणनावानं वाजवायचा, खरं नाव ट्रॅव्हिस बार्कर. ब्लिंकला ड्रमर हवा होता, कार्यक्रम तोंडावर होता. बार्करनं ब्लिंकची वीसेक गाणी पाऊण तासात बसवली, अशी ती गोष्ट सांगतात. थोडा काळ पाहुणा म्हणून वाजवल्यावर तो कायमचा झाला.

बदललं काय? तबल्याच्या भाषेत सांगायचं तर रेनर ठेका धरायचा, बार्कर वाजवायला लागला. बार्कर शाळेत असताना कवायतीच्या बँडमध्ये ड्रम वाजवलेला. त्याची स्नेअर ड्रमवरची बोटं आणि मनगटं त्या शिस्तीत तयार झालेली. त्यामुळे तो दोन ओळींच्या मधल्या फटीत असा एखादा तुकडा टाकतो, की ड्रमची स्वतःची एक चाल तयार होते. गिटार साधीच राहते, चार स्वरसंघांचीच. पण खाली काहीतरी सतत घडत राहतं. माझ्या मते ब्लिंकच्या संपूर्ण इतिहासातला सर्वात मोठा सांगीतिक बदल हाच. टॉम गेल्यावरही एवढा बदल झाला नाही.

आणि गंमत अशी की याच बदलावर जगानं सर्वात कमी चर्चा केली. १ जून १९९९ला 'एनिमा ऑफ द स्टेट' आला. राज्याचा 'एनिमी' म्हणजे शत्रू, त्या जागी 'एनिमा'. पुढच्या अल्बमचं नावही असंच, वाचायला साधं आणि मोठ्यानं म्हटलं तर वाह्यात. दादा कोंडक्यांच्या सिनेमांची नावं ज्यांना माहीत आहेत त्यांना हा प्रकार वेगळा समजावून सांगायला नको. निर्माता होता जेरी फिन. त्यानं आवाज स्वच्छ केला, दोन गायकांना समोरासमोर आणलं. अल्बम जगभरात दीड कोटींच्या वर खपला. 'ऑल द स्मॉल थिंग्ज' अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत सहाव्या क्रमांकावर गेलं. त्याच्या व्हिडिओत त्यांनी त्या काळच्या गुळगुळीत बॉय बँडची टर उडवली होती. झालं असं की त्या व्हिडिओमुळेच ते त्या बॉय बँडच्या पंगतीत जाऊन बसले. याच अल्बममध्ये 'ॲडम्स साँग' आहे, दौऱ्यावरच्या एकटेपणातून मार्कनं लिहिलेलं. टवाळखोर म्हणून ज्यांना लोक ऐकत होते त्यांच्याकडून जगणंच नकोसं झालेल्या मुलाचं गाणं येईल असं कुणाला वाटलं नव्हतं.

लाखो लोकांनी हा बँड पहिल्यांदा ऐकला तो या अल्बममधून. त्यांच्या दृष्टीनं ट्रॅव्हिस पहिल्यापासूनच होता. स्कॉट रेनर नावाचा कुणी होता हेच त्यांना माहीत नव्हतं. २०००च्या लाइव्ह अल्बमचं नाव 'द मार्क, टॉम अँड ट्रॅव्हिस शो'. आता तीन नावंच ब्रँड झाली. हे नीट बघण्यासारखं आहे: बँडचं अधिकृत नाव एक निरर्थक शब्द आणि एक निरर्थक आकडा, त्यात कुणीही बसू शकलं असतं. पण लोकांच्या मनातलं नाव तीन माणसांचं झालं, आणि तिथून पुढे माणूस बदलणं अवघड होऊन बसलं.

आपल्याकडच्या नाटक मंडळ्यांचा इतिहास वाचताना असंच काहीसं दिसतं. १९१३ मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीतून बालगंधर्व, गणेशराव बोडस आणि गोविंदराव टेंबे बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी निघाली. भागीदार तिघं, नाव एकाचं. पुढे टेंबे गेले, बोडसही गेले, मंडळी चालू राहिली. प्रेक्षक तिकीट कुणाच्या नावावर काढतो, यावर कंपनीत कोण गेलेलं चालतं ते ठरतं. किती निष्ठुर वाटलं तरी हिशेब तो आहे. ब्लिंकमध्ये लोक तिकीट दोन आवाजांवर काढत होते.

या दोन आवाजांबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण सगळं इथेच अडकलंय. मार्कचा आवाज खालचा, गोल, बोलल्यासारखा. टॉमचा चढा, नाकातला, आणि स्वर ताणण्याची त्याची तऱ्हा अशी की इंग्रजी शब्दांचे उच्चार वेडेवाकडे होतात. २००३च्या 'आय मिस यू' मध्ये तो 'हेड' हा शब्द जवळजवळ 'येड' असा म्हणतो. जगभर त्याची थट्टा झाली. मराठी कानाला तर त्यात आणखी एक अर्थ ऐकू येतो, आणि गाण्याच्या विषयाला तो चक्क शोभतो. तर एक आवाज समजूतदार, दुसरा हट्टी. एक कडवं याचं, एक त्याचं, आणि धृपदाला एकजण दुसऱ्याच्या खांद्यावर चढल्यासारखा. हा सवाल-जवाब आहे. आपल्याकडे शाहिरांच्या फडात असतो तसा, फक्त इथे दोघं एकाच बाजूनं भांडतायत. चर्चच्या क्वायरमध्ये गाणाऱ्यांना हे चटकन कळेल: खालची ओळ गाणारा एक आवाज गैरहजर असला तरी स्तोत्र पूर्ण होतं, पण ऐकणाऱ्याला काहीतरी उघडं पडल्यासारखं वाटतं.

'टेक ऑफ युअर पँट्स अँड जॅकेट' २००१चा. पहिल्याच आठवड्यात तो बिलबोर्डवर अव्वल आला. त्यात 'स्टे टुगेदर फॉर द किड्स' आहे, आईवडिलांच्या घटस्फोटाकडे मुलाच्या नजरेतून बघणारं. टॉमच्या घरात ते घडलं होतं. घर मोडणं म्हणजे काय हे इतकं नेमकं लिहिणाऱ्यांचं स्वतःचं घर लगेच पुढच्या वर्षी तडकायला लागलं.

तडा कसा गेला ते साधं आहे, आणि म्हणून जास्त लागतं. टॉमला पाठीचा त्रास होता. त्या दिवसांत त्याला काही गडद, संथ गाणी सुचली, जी ब्लिंकमध्ये बसत नाहीत असं त्याला वाटलं. त्यानं 'बॉक्स कार रेसर' नावाचा वेगळा प्रकल्प काढला. ड्रम कोण वाजवणार? ट्रॅव्हिस, हातचाच होता. गिटारला डेव्हिड केनेडी. २००२ मध्ये अल्बम आला. म्हणजे तिघांतले दोघं दुसऱ्या नावानं एकत्र, आणि तिसरा बाहेर. मार्कला ते लागलं, आणि त्यानं ते पुढे उघडपणे सांगितलंय. टॉमचं म्हणणं, यात बँड सोडायचा प्रश्न कुठे होता? दोघंही आपापल्या जागी खरे. तिघांच्या मैत्रीत ज्यांनी कधी तिसरं असणं अनुभवलंय त्यांना मार्कची बाजू फोड करून सांगायची गरज नाही.

तरी त्यांचा सगळ्यात चांगला अल्बम या तड्यानंतर आला. २००३चा, ज्याला नावच नाही. त्यांनी विनोद बाजूला ठेवला, स्टुडिओत वेळ घेतला, 'द क्युअर'च्या रॉबर्ट स्मिथला एका गाण्यावर बोलावलं. 'आय मिस यू' मध्ये विजेची गिटार जवळपास नाहीच. साधी गिटार, उभा बास, आणि बार्करच्या हातात काठ्यांऐवजी ब्रश. मार्क आणि टॉमनं आपापली कडवी वेगवेगळी लिहिली आणि मग जोडली. म्हणजे सवाल-जवाब चालू होता, पण आता प्रत्येकजण आपल्या खोलीत बसून. हे गाणं ऐकताना दोघांमधलं अंतर जाणवतं, आणि गाण्याचा विषयच आठवण असल्यामुळे ते अंतर उपयोगी पडतं. 'डॅमिट'नंतर लगेच हे ऐका. सहा वर्षांत एवढी मजल फार थोड्या बँडनी मारलीय.

डिसेंबर २००४ला डब्लिनमध्ये दौऱ्याचा शेवटचा कार्यक्रम झाला. टॉमला घरासाठी मोठी सुट्टी हवी होती, बाकी दोघांना एवढी लांब सुट्टी नको होती. फेब्रुवारी २००५ मध्ये हिंदी महासागरातल्या त्सुनामीग्रस्तांसाठीच्या एका मदत-मैफलीची तालीम चालू असताना वाद टोकाला गेले. बँडनं मैफलीतून माघार घेतली आणि काही दिवसांत 'अनिश्चित काळासाठी थांबत आहोत' असं निवेदन आलं. इंग्रजीत अशा निवेदनांची एक ठरीव गोड भाषा असते. अर्थ एवढाच की तिघं एकमेकांशी बोलत नव्हते.

मग एक नैसर्गिक प्रयोग झाला, अभ्यासकाला हवा तसा. मार्क आणि ट्रॅव्हिसनं 'प्लस फोर्टी-फोर' काढला, नाव ब्रिटनच्या फोन-कोडवरून. टॉमनं 'एंजल्स अँड एअरवेव्हज'. दोन्हींचे पहिले अल्बम २००६चे. बँडचे दोन तुकडे शेजारी शेजारी ठेवून ऐकता येतात. मार्कच्या बाजूला शब्द नेमके आहेत, ड्रम भन्नाट आहे, पण वर झेपावणारं कुणी नाही. गाणी जमिनीवर राहतात. टॉमच्या बाजूला सगळं आकाशच आहे, लांबलचक प्रास्ताविकं, मोठमोठे विचार, आणि 'अरे बास आता' म्हणणारं कुणी नाही. मला दोन्ही अल्बमांतली काही गाणी आवडतात. पण दोघांनी एकमेकांना किती सावरून धरलं होतं हे कळायला ते वेगळे व्हावे लागले.

२००८ मध्ये ऑगस्टमध्ये जेरी फिन वारला. पुढच्याच महिन्यात, १९ सप्टेंबरला, साउथ कॅरोलिनातल्या कोलंबिया इथे बार्करचं छोटं विमान उड्डाणाच्या वेळी कोसळलं. सहापैकी चौघं गेले. बार्कर आणि त्याचा सहकारी डीजे ॲडम गोल्डस्टीन वाचले, दोघंही भयंकर भाजलेले. गोल्डस्टीन पुढच्या वर्षी वारला. बार्करवर अनेक शस्त्रक्रिया झाल्या. पुढची जवळपास तेरा वर्षं तो विमानात बसला नाही, युरोपला जहाजानं जायचा. अपघातानंतर टॉमनं संपर्क केला आणि तिघं पुन्हा बोलायला लागले. फेब्रुवारी २००९ मध्ये ग्रॅमी सोहळ्याच्या मंचावर तिघांनी एकत्र उभं राहून परत येत असल्याचं जाहीर केलं.

माणसं तीच, नाव तेच. पण २०११चा 'नेबरहुड्स' ऐका. मार्क आणि ट्रॅव्हिस लॉस एंजेलिसमध्ये, टॉम सॅन डिएगोत. प्रत्येकानं आपला भाग आपल्या स्टुडिओत करून पाठवायचा. गाणी वाईट नाहीत. पण २००३ला अंतर हा विषय होता, इथे अंतर ही फक्त सोय आहे. मूळ संच पूर्ण असूनही बँड हजर नाही, असा हा अल्बम मला वाटतो. संच तोच असला की बँड 'खरा', असं म्हणणाऱ्यांनी या अल्बमचं काय करायचं ते ठरवावं.

जानेवारी २०१५ मध्ये दुसरी फूट पडली, आणि ती तर हास्यास्पद पद्धतीनं. मार्क आणि ट्रॅव्हिसनं जाहीर केलं की टॉम बाहेर पडलाय. टॉमनं लगेच लिहिलं की मी बँड सोडलेलाच नाही. बँडमध्ये आपण आहोत की नाही यावरच सभासदांचं एकमत नाही! पुढे टॉमनं २०१७ मध्ये उडत्या तबकड्यांचा शोध घेणारी कंपनी काढली. लोक हसले. त्या कंपनीनं पुढे आणलेले अमेरिकी नौदलाच्या वैमानिकांचे व्हिडिओ २०२० मध्ये पेंटॅगॉननं स्वतः अधिकृतपणे प्रसिद्ध केले, तेव्हा हसणारे थोडे गप्प झाले. असो, तो वेगळ्या लेखाचा विषय.

टॉमच्या जागी आला मॅट स्किबा. शिकागोच्या 'अल्कलाइन ट्रायो' या बँडचा गायक-गिटारवादक, स्वतःचा वीसेक वर्षांचा प्रवास असलेला माणूस. आधी एका महोत्सवापुरता, मग कायमचा. आता श्रोत्यांचं उत्तर बघा. १९९८ला ड्रमर बदलला तेव्हा चकार शब्द नाही. २०१५ला आवाज बदलला तर प्रत्येक कार्यक्रमात, प्रत्येक मुलाखतीत एकच प्रश्न: टॉम कधी येणार? स्किबाला रोज टॉमची गाणी टॉमच्या पट्टीत गावी लागत होती. त्यानं टॉमची नक्कल केली नाही, हे त्याचं मोठेपण. त्याचा आवाज सरळ, थोडा काळोखा आहे, टॉमचा हट्टीपणा त्यात नाही. त्यामुळे सवाल-जवाब राहिला, पण भांडण गेलं. 'बोअर्ड टु डेथ' ऐकताना दोन शहाणी माणसं एकमेकांशी सहमत होतायत असं वाटतं. गाणं छान आहे. ब्लिंकला मात्र थोडा बेशिस्तपणा लागतो.

तरी आकडे काय सांगतात? २०१६चा 'कॅलिफोर्निया' बिलबोर्डवर पहिल्या क्रमांकावर गेला, पंधरा वर्षांनी असं झालं. त्याला सर्वोत्तम रॉक अल्बमचं ग्रॅमी नामांकनही मिळालं, जे टॉमच्या काळातल्या एकाही अल्बमला मिळालं नव्हतं. २०१९ मध्ये 'नाइन' आला. स्किबाची सात वर्षं म्हणजे रेनरच्या सहा वर्षांपेक्षा जास्त. 'तो खरा ब्लिंक नव्हे' म्हणून ती सात वर्षं पुसणारे पुष्कळ चाहते आहेत, आणि मला हे पटत नाही. कार्यक्रम ठरले होते, तिकिटं विकली होती, गाणारा कुणीतरी हवा होता, आणि तो आला. नाव जिवंत राहिलं म्हणून तर परत यायला टॉमला जागा उरली.

टॉम परत आला तोही एका आघातानंतर. २०२१च्या जूनमध्ये मार्कनं आपल्याला कर्करोग झाल्याचं जाहीर केलं. रक्तपेशींचा लिम्फोमा, त्याच्या आईला झाला होता तोच प्रकार. केमोथेरपी चालू असताना टॉम आणि ट्रॅव्हिस त्याच्या घरी आले, आणि बऱ्याच वर्षांनी तिघं एका खोलीत बसून बोलले. सप्टेंबरपर्यंत मार्क बरा झाला. ११ ऑक्टोबर २०२२ला जुना संच परतल्याची घोषणा झाली. एप्रिल २०२३ मध्ये कोचेला महोत्सवात ते मंचावर आले. ऑक्टोबर २०२३चा 'वन मोअर टाइम' हा अल्बम, निर्माता खुद्द बार्कर, पुन्हा पहिल्या क्रमांकावर. शीर्षकगीत याच प्रश्नावर आहे: एकमेकांकडे यायला आपल्याला अपघात आणि आजारच का लागतात. पन्नाशीला टेकलेली तीन माणसं हे गातात, साध्या गिटारवर, आवाज न चढवता. इथे टॉम हट्ट करत नाही. तरी त्याचा आवाज आला की कान टवकारतात. यात संगीत किती आणि आपली आठवण किती हे मला वेगळं करता येत नाही, आणि कुणाला करता येत असेल असंही वाटत नाही.

तर या महिन्यात ज्यांना वेळ असेल त्यांनी चार गाणी सलग ऐकावीत: 'डॅमिट', 'आय मिस यू', 'बोअर्ड टु डेथ', 'वन मोअर टाइम'. पहिल्यांदा ऐकताना आवाज सोडून फक्त ड्रमकडे लक्ष द्या. चारांत दोन ड्रमर आहेत, आणि सांधा कुठे आहे ते लगेच कळेल. मग परत लावा आणि फक्त दुसरा आवाज कधी येतो, आणि काय म्हणून येतो, तेवढं बघा. 'डॅमिट'मध्ये बराच वेळ मार्क एकटाच बोलतोय, हे त्या वेळी लक्षात येतं. साहित्याच्या तासाला आपण निवेदक कोण हे शोधतो तसंच हे.

परत आल्यावर टॉमनं स्किबाला जाहीर पत्र लिहून आभार मानले: मी नसताना तू बँड सांभाळलास, अशा आशयाचं. स्किबानंही कुठे कडवटपणा दाखवला नाही. तो आपल्या अल्कलाइन ट्रायोकडे परतला. २०२३ मध्ये त्या बँडचाही ड्रमर बदलला. नवा आला तो ॲटम विलार्ड, जो आधी काही वर्षं टॉमच्या एंजल्स अँड एअरवेव्हजमध्ये ड्रम वाजवत होता.